शाळेचं अनुदान: पैसा कुणाचा, अट कुणाची?

आज बोलू या शाळेच्या सरकारी पैशाबद्दल. कधी बातमीत येतं, अमुक राज्यानं केंद्राचं अनुदान नाकारलं. मुलांच्या शिक्षणाचा पैसा कुणी कशाला नाकारेल?

आधी पैसा येतो कसा ते पाहू. 1976 पर्यंत शिक्षण हा राज्यांचा विषय होता. 42व्या घटनादुरुस्तीनं तो केंद्र आणि राज्य दोघांचा झाला. ‘समग्र शिक्षा’ योजनेत शंभरातले 60 रुपये केंद्र देतं, 40 राज्य. गणवेश, शाळेचं वार्षिक अनुदान, दिव्यांग मुलांच्या सोयी यांना त्यातून पैसा मिळतो.

2022 मध्ये केंद्रानं ‘पीएम श्री’ योजना आणली. देशातल्या साडेचौदा हजार शाळा नमुनेदार करायच्या. पण त्यासाठी राज्यानं करार करायचा, की राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 आम्ही राबवू आणि निवडलेल्या शाळेच्या नावाआधी ‘पीएम श्री’ लावू. भांडण इथंच सुरू झालं.

समजा, आपल्या गटाला कुणी मोठा निधी देऊ केला आणि म्हणालं, गटाचे नियम मात्र आमच्या म्हणण्याप्रमाणे बदला. एक बाई म्हणेल, घेऊन टाका, बायांची अडलेली कामं होतील. दुसरी म्हणेल, आज सही केली तर उद्या आपलं कोण ऐकेल? दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

केरळात असंच झालं, तेही एकाच सरकारात. ऑक्टोबर 2025 मध्ये शिक्षण खात्यानं करारावर सही केली. शिक्षणमंत्री व्ही. शिवनकुट्टी यांचं म्हणणं, अडलेला पैसा मुलांच्या हक्काचा आहे. सरकारातलाच भारतीय कम्युनिस्ट पक्ष म्हणाला, आम्हाला न विचारता सही झाली, आणि या वाटेनं केंद्राचं धोरण आत येईल. आठवडाभरातच सरकारनं करार थांबवून समिती नेमली.

तमिळनाडूनं सहीच केली नाही. तीन भाषांच्या धोरणाला त्यांचा विरोध आहे. मग 2024-25 चे समग्र शिक्षेचे सुमारे 2,152 कोटी रुपये अडकले आणि मे 2025 मध्ये राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. खासगी शाळांत गरीब मुलांसाठी 25 टक्के राखीव जागा असतात. त्या वर्षी तिथं ते प्रवेशही वेळेवर सुरू झाले नाहीत. भांडण दोन सरकारांचं, पण झळ कुणाला बसली ते पाहा.

आपल्या महाराष्ट्रानं करार केला. फेब्रुवारी 2023 मध्ये मंत्रिमंडळानं 846 शाळांना मंजुरी दिली. पाच वर्षांत एका शाळेमागे 1 कोटी 88 लाख रुपये, त्यात केंद्राचे 1 कोटी 13 लाख आणि राज्याचे 75 लाख. पण धोरणाचा वाद आपल्याकडेही झालाच. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय लोकांच्या विरोधामुळे जून 2025 मध्ये मागे घ्यावा लागला. म्हणजे करार झाला तरी लोकांचं बोलणं संपत नाही.

आता आपल्या हातात काय? शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणं आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे या समितीचं काम आहे. समग्र शिक्षेत 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25 हजार, 101 ते 250 पटाला 50 हजारांपर्यंत अनुदान ठरलेलं आहे. त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेसाठी ठेवायचा असतो. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसेल, तर याच पैशाबद्दल विचारायचं.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. समितीवर आपल्यातल्या कोण आहेत? यंदा शाळेला किती पैसा आला आणि कशावर गेला? आला नसेल, तर कुठं अडला? समितीवरच्या बाईनं हे प्रश्न मुख्याध्यापकांना विचारावेत आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं. सही करायला वही पुढं आली, तर आधी वाचा, नाहीतर शिकलेल्या लेकीकडून वाचून घ्या. मगच सही करा.