पंखांखालची सावली

उडत्या शिकारी पक्ष्याची ओळख पटविणाऱ्या बऱ्याचशा खुणा त्याच्या शरीराच्या खालच्या बाजूस असतात आणि प्रकाश मात्र वरून येतो; घार, गरुड, ससाणा आणि भोवत्या यांच्या छायाचित्रणातील सर्वांत मोठी अडचण याच विसंगतीतून निर्माण होते. पंखांच्या टोकाशी सुटी दिसणारी पिसे किती आहेत, पंखांखालचे पट्टे रुंद आहेत की अरुंद, शेपटीच्या कडेला गडद पट्टी आहे की नाही, या गोष्टी जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला पक्षी डोक्यावरून जाताना दिसतात, पण त्या दिसतात त्या सावलीत. छायाचित्रणाची वेळ आणि जागा निवडण्यापासून संगणकावरील संपादनापर्यंतचे कौशल्य त्यामुळे मुख्यतः ही सावली उजळण्यात आणि उजळताना तिच्यात मुळात नसलेले काही न मिसळण्यात आहे.

पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील माळराने या अभ्यासासाठी उत्तम क्षेत्र आहेत. कापशी घार तेथे बारमाही आढळते, सापमार गरुडही दिसतो, आणि हिवाळ्यात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून माँटेग्यू भोवत्या व फिकट भोवत्या हे दोन सडपातळ, लांब पंखांचे पक्षी येऊन गवतावरून अगदी खालून घिरट्या घालू लागतात. बारामती तालुक्यातील सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचे आहे, पण अशा मोकळ्या, झुडपी माळाचे स्वरूप समजून घेण्यास तेवढा विस्तारही पुरतो.

अशा माळावर सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सर्वांत मोलाचे असतात, कारण त्या वेळी सूर्य क्षितिजाजवळ असल्याने त्याचे किरण पंखांच्या खालच्या बाजूपर्यंत तिरपे पोचतात आणि वाळलेले पिवळे गवत व फिकट मुरूम यांवरून परावर्तित झालेला प्रकाश उरलेली सावली सौम्य करतो. हाच पक्षी काळ्या नांगरलेल्या रानावरून गेला तर ती मदत फारशी मिळत नाही, कारण काळी माती प्रकाश शोषून घेते. जमीन तापू लागली की उष्ण हवेचे स्तंभ वर उठतात, गरुड आणि घारी त्यांच्या आधाराने पंख न हलवता उंच चढतात, आणि आकाशात पक्ष्यांची संख्या वाढल्याने नवख्या छायाचित्रकाराला हीच योग्य वेळ वाटते. परंतु तापलेल्या हवेच्या थरांतून येताना प्रकाश सतत वाकत राहतो, त्यामुळे दूरच्या पक्ष्याचे चित्र महागड्या लेन्सनेही थरथरलेले येते आणि हा दोष संपादनात दुरुस्त होत नाही.

वाऱ्याची दिशाही प्रकाशाइतकीच महत्त्वाची आहे. पक्षी उड्डाण घेताना, उतरताना आणि हवेत एका जागी तरंगताना वाऱ्याकडे तोंड करतात, म्हणून सूर्य व वारा दोन्ही छायाचित्रकाराच्या पाठीमागे असतील तर पक्ष्याचा चेहरा समोर येतो आणि तो उजळलेलाही असतो. हिवाळ्यात दख्खनच्या पठारावर वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो. त्यामुळे सकाळी पूर्वेकडे पाठ करून उभे राहिल्यास या दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण होण्याची शक्यता असते, तर संध्याकाळी सूर्य पश्चिमेला गेल्यावर त्या परस्परविरोधी होतात. कापशी घार हा या दृष्टीने शिकण्यासाठी सर्वांत अनुकूल पक्षी म्हणावा लागेल. गवतातील उंदराचा वेध घेताना ती वाऱ्याकडे तोंड करून पंख फडफडवत हवेत एका जागी थांबते, शरीर हेलकावे घेत असले तरी तिचे डोके जवळपास स्थिर राहते, आणि कॅमेऱ्याला फोकस धरण्यासाठी काही निवांत क्षण मिळतात.

फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी 1882 मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणाच्या अभ्यासासाठी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनविला होता, जो सेकंदाला 12 चित्रे टिपत असे. आजचे कॅमेरे सेकंदाला 20 किंवा त्याहून अधिक चित्रे घेतात, पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस टिकवतात, तरीही गतीचा हिशेब छायाचित्रकारालाच समजून घ्यावा लागतो. सेकंदाला 15 मीटर वेगाने आडवा जाणारा पक्षी 1/500 सेकंदात 3 सेंटिमीटर पुढे सरकतो आणि 1/2000 सेकंदात पाऊण सेंटिमीटर. कॅमेरा पक्ष्याबरोबर त्याच वेगाने फिरवल्यास शरीराची गती बरीचशी भरून निघते, पंखांची फडफड मात्र भरून निघत नाही. म्हणून शटरचा वेग, म्हणजे सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा काळ, संथ तरंगणाऱ्या गरुडासाठी 1/1600 सेकंदाच्या आसपास आणि सूर मारणाऱ्या ससाण्यासाठी 1/3200 सेकंद किंवा त्याहून कमी ठेवणे इष्ट असते. फोकसची खोली, म्हणजे चित्रात स्पष्ट दिसणाऱ्या अंतराचा पट्टा, हाही विचारात घ्यावा लागतो. 600 मिलिमीटरची लेन्स एफ 6.3 या छिद्रमानावर वापरली तर 20 मीटरवरील पक्ष्याच्या बाबतीत हा पट्टा जेमतेम 40 सेंटिमीटर भरतो, तर घारीच्या पसरलेल्या पंखांची रुंदी दीड मीटरच्या आसपास असते. पक्षी तिरपा वळलेला असताना एक पंख धूसर येणे म्हणूनच स्वाभाविक आहे. डोळा स्पष्ट असला की चित्र टिकते.

सावलीचा खरा प्रश्न एक्स्पोजरच्या, म्हणजे सेन्सरपर्यंत पोचणाऱ्या एकूण प्रकाशाच्या, निवडीत उभा राहतो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे गृहीत धरतो, आणि चौकटीचा मोठा भाग उजळ आकाशाने व्यापलेला असला की ते आकाश मध्यम राखाडी करण्याच्या प्रयत्नात पक्ष्याला काळी आकृती बनवतो. आकाशाच्या पार्श्वभूमीवर म्हणून एक ते दोन स्टॉप जास्त प्रकाश द्यावा लागतो. प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो. कापशीसारखा पांढुरका पक्षी गडद झाडीसमोरून जात असेल तर याच्या नेमके उलट करावे लागते, नाहीतर छातीची पिसे निव्वळ पांढऱ्या डागात नाहीशी होतात. पक्षी आकाशातून झाडीसमोर आणि पुन्हा आकाशात असा क्षणोक्षणी जात असतो, पण त्याच्यावर पडणारा सूर्यप्रकाश तोच असतो, यामुळे अनेक अनुभवी छायाचित्रकार एक्स्पोजर हाताने ठरवून कायम ठेवतात, आणि ही पद्धत खरोखर अधिक विश्वासार्ह आहे.

संपादनासाठी रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने नोंदविलेली मूळ प्रक्रियारहित माहिती, जपून ठेवणे अनिवार्य आहे, कारण जेपेग या आकुंचित प्रकारात सावलीतील बारीक छटा आधीच टाकून दिलेल्या असतात. संगणकावर सावली उजळताना तिच्यातला नॉइज, म्हणजे कमी प्रकाशामुळे उमटणारे रवाळ ठिपके, हाही वर येतो, आणि मूळ चित्रात प्रकाश पुरेसा घेतलेला असेल तरच तो आटोक्यात राहतो. निळ्या आकाशाखालच्या सावलीला निळसर झाक येते, ती फक्त पंखांपुरती निवड करून कमी करता येते. उजळ आकाशासमोर पंखांच्या कडेला दिसणारी जांभळी रेघ हा लेन्सचा दोष असल्याने ती काढण्यातही काही गैर नाही.

यापुढची पायरी मात्र निसरडी आहे. नॉइज घालविणारी यंत्रशिक्षणावर आधारलेली साधने पिसांचा पोत केवळ स्वच्छ करीत नाहीत, तर जेथे माहिती अपुरी असते तेथे तो अंदाजाने रचतात. पंखांखालचे पट्टे पुसट होतात किंवा मुळाहून अधिक ठसठशीत दिसू लागतात. दोन्ही भोवत्यांच्या माद्या वेगळ्या ओळखताना याच पट्ट्यांचा आधार घ्यावा लागतो: माँटेग्यूच्या मादीच्या पंखांखाली, शरीराकडच्या पिसांवर, गडद पट्टे फिकट पार्श्वभूमीवर सुटे दिसतात, तर फिकट भोवत्याच्या मादीत तोच भाग एकंदर काळपट असतो. दोन्ही जातींची पहिल्या वर्षाची पिल्ले पोटाकडे तांबूस असतात, त्यामुळे रंग गडद करून कोणतीच ओळख पटत नाही. तेथे मानेभोवतीचे फिकट कडे तपासावे लागते, आणि ते फिकट भोवत्याच्या पिल्लात ठळक असते.

पंखांतील फटींचेही असेच आहे. शिकारी पक्षी पिसे एकदम न टाकता क्रमाक्रमाने टाकतात, आणि गळलेल्या पिसाची मोकळी जागा, अर्धवट वाढलेले नवे पीस व झिजलेले जुने पीस यांवरून पक्ष्याचे वय आणि कधी कधी तोच पक्षी पुन्हा दिसला आहे की काय, हेही अभ्यासकांना ठरवता येते. चित्र देखणे व्हावे म्हणून ही फट शेजारच्या पिसाची नक्कल चिकटवून बुजविणे म्हणजे त्या पक्ष्याच्या आयुष्याची नोंद खोडणे होय. कोरे आकाश बदलून ढग बसविण्याने ओळखीची हानी होत नसेल, पण त्या वेळचा प्रकाश कोणता होता याचा पुरावा नष्ट होतो. पांढरे आकाश पांढरेच राहू द्यावे, हे अधिक बरे.

पक्षी चौकटीत आणण्यासाठी जिवंत आमिष ठेवणे, किंवा संध्याकाळी भोवत्ये गवतात जमिनीवर एकत्र रात्र काढण्यासाठी उतरत असताना वाहन आत घालणे, हे अनेक छायाचित्रांमागचे न दिसणारे वास्तव आहे आणि त्याचे कोणतेही समर्थन करता येत नाही. पक्षीनोंदींच्या ई-बर्डसारख्या संकेतस्थळावर चित्र देताना सर्वांत सुंदर चौकटीबरोबरच त्याच पक्ष्याच्या खालच्या बाजूची, वरच्या बाजूची आणि शेपटीची थोडी धूसर चित्रेही जोडावीत, कारण नराच्या पंखावरचा काळा पट्टा, जो माँटेग्यूत असतो आणि फिकट भोवत्यात नसतो, वरच्या बाजूने नीट दिसतो. आणि घरट्याचे किंवा रात्रीच्या थाऱ्याचे चित्र इतरत्र प्रसिद्ध करण्यापूर्वी फाइलमध्ये नोंदलेले स्थाननिर्देशांक काढून टाकावेत.