परवलीच्या शब्दांचे हॅशन

परवलीच्या शब्दांचे हॅशन : संगणकात प्रवेश देताना विचारला जाणारा परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, जसाच्या तसा न साठविता एकदिश गणिती फलनाने त्याचे रूपांतर करून येणारे मूल्य (हॅश) साठविण्याची पद्धत. प्रवेशाच्या वेळी दिलेल्या शब्दावर तीच क्रिया करून दोन्ही मूल्ये ताडून पाहतात. मूल्यांची यादी चोरीस गेली, तरी तीवरून मूळ शब्द सरळ काढता येत नाहीत. चोराला अंदाजाने एकेक शब्द तपासावा लागतो.

हा तपास महाग करणे हेच या पद्धतीचे मर्म होय. शा-१ सारखी सर्वसाधारण हॅश फलने वेगवान असतात आणि तोच वेग येथे घातक ठरतो. लिंक्डइन या संकेतस्थळावरून चोरीस जाऊन २०१२ मध्ये उघड झालेली सु. ६५ लाख मूल्ये याच फलनाने काढलेली होती. शिवाय प्रत्येक शब्दात वेगळी यादृच्छिक अक्षरे, म्हणजे ‘सॉल्ट’, मिसळण्याची दक्षताही घेतलेली नव्हती. वस्तुतः रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी यूनिक्स प्रणालीतील सॉल्टचे वर्णन १९७९ मध्येच केले होते. त्या प्रणालीच्या क्रिप्ट फलनात डीईएस कूटप्रणालीची २५ आवर्तने होत. ओपनबीएसडी प्रणालीसाठी तयार झालेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बीक्रिप्टमध्ये खर्चांक एकाने वाढविला की काम दुप्पट होते. २०१५ च्या स्पर्धेत निवडलेले आर्गॉन२ वेळेबरोबर भरपूर स्मृतीही व्यापते.

अशी फलने परिचालन प्रणालीच्या कूटलेखन लायब्ररीतच असणे इष्ट. अन्यथा प्रोग्रॅम लिहिणारा हाताशी असलेले वेगवान फलनच वापरतो. (विंडोजमधील अशा लायब्ररीच्या फाइलीचे नाव बीक्रिप्ट असले, तरी वरील फलनाशी तिचे केवळ नामसाम्य आहे.) लिनक्समध्ये साठविलेल्या मूल्याच्या आरंभी पद्धतीची खूण असल्याने जुनी व नवी मूल्ये शेजारी नांदतात. डेबियन ११ मध्ये (२०२१) येसक्रिप्ट ही नेहमीची पद्धत झाली. मात्र जुन्या मूल्यावरून नवे काढता येत नाही, त्यासाठी मूळ शब्द पुन्हा हाती यावा लागतो.

खर्चांक किती ठेवावा हे वापरावर अवलंबून असते. समजा, चाकण औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या कारखान्यात पाळी बदलताना ३०० कामगार एकाच सर्व्हरवर प्रवेश करतात. बीक्रिप्टच्या प्रत्येक पडताळणीस अर्धा सेकंद लागत असेल, तर एकाच प्रक्रियकावर शेवटचा कामगार अडीच मिनिटे खोळंबेल. खर्चांक दोनाने उतरविल्यास रांग सु. ३८ सेकंदांत संपते. परंतु यादी चोरणाऱ्याचे कामही चौपट सोपे होते. अशा ठिकाणी अधिक प्रक्रियक बसविणे श्रेयस्कर.