मनगटावरचा ठेका

गेल्या पावसाळ्यात काकांनी गाणे सोडले. काका म्हणजे आमच्या वडिलांचे शिष्य, वय ७५. कानाला यंत्र लावल्यापासून जवळचा तंबोरा त्यांना ऐकू येई, पण तबल्याचे बोल एकमेकांत मिसळत आणि सम हातची निसटे. एका बैठकीत असे दोनदा झाले. घरी येऊन त्यांनी तंबोऱ्याला गवसणी घातली, ती पुन्हा काढली नाही.

माझ्याकडे संगणकाचे शिक्षण घेणारा एक मुलगा गाणे शिकतो. त्याच्या कानावर हे गेले. पंधरवड्याने तो आपले स्मार्ट घड्याळ घेऊन आला. "गुरुजी, ह्यात एक अ‍ॅप केले आहे. मात्रा मनगटाला कळतील."

मी नाक मुरडले. (मौलाबक्षांनी १८८६ साली आमच्या बडोद्यात गायनशाळा काढली, तेव्हाही कोणी ना कोणी मुरडलेच असेल.) मेल्त्सेलने १८१५ साली पेटंट घेतलेल्या मेट्रोनोमची टकटक मला कधीच रुचली नाही. सगळ्या मात्रा एका जातीच्या! लय आहे, ताल नाही.

पहिल्या दिवशी फजितीच झाली. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत घड्याळ हळूहळू मागे पडू लागले. ते प्रत्येक ठोक्यानंतर अर्धा सेकंद थांबून पुढचा ठोका देई, आणि दर वेळी किंचित उशीर होई. सेकंदाचा दोनशेवा भाग म्हणा. पण १०० मात्रांत तो साचून अख्खी मात्रा होते. उपाय साधा निघाला: प्रत्येक ठोका मागच्या ठोक्यापासून न मोजता आरंभीच्या समेपासून मोजावयाचा. हात खाली गेला की पडदा विझून अ‍ॅपही झोपी जाई, त्याचा बंदोबस्त करण्यात आणखी काही दिवस गेले.

मग मीही त्यात शिरलो. काकांचा आवडता झुमरा घेतला. समेला दुहेरी ठोका, चौथ्या व अकराव्या मात्रेला एकेक जोरकस, आणि आठव्या मात्रेला, म्हणजे खालीला, काहीच नाही. मनगट रिकामे राहिले की खाली आली! परंतु विलंबितात एक मात्रा ४ सेकंदांची, आवर्तन ५६ सेकंदांचे. एवढ्या अंतरात गवई हरवतो. तबलजी ती जागा तिरकिटाने भरतो. म्हणून प्रत्येक मात्रेचे चार भाग करून मध्ये अगदी हलके स्पर्श घातले.

काकांनी घड्याळ डाव्या हाताला बांधले, उजवा तंबोऱ्यावर. पहिल्या दोन आवर्तनांत सम चुकली. तिसऱ्या वेळी बरोबर आले. काही बोलले नाहीत, मुखडा पुन्हा घेतला.

अडले ते पुढे. आमचे तबलजी म्हणाले, "मी घड्याळाची साथ करणार नाही." त्यांचे काय चुकले? ख्याल रंगला की लय वाढते. ती गवई आणि तबलजी मिळून वाढवतात. आता तो मुलगा उलटी वाट धरून बसला आहे: डग्ग्याजवळ लहानसा मायक्रोफोन ठेवायचा आणि तबलजीचाच ठोका मनगटावर न्यायचा. अजून ते जमलेले नाही. हात आणि स्पर्श ह्यांत जरा अंतर पडते.

काकांनी बैठकीला होकार दिलेला नाही. रोज सकाळी मात्र घरात झुमरा चालू असतो, आणि गवसणी खुंटीला टांगलेली असते.