शल्यशिक्षण आणि निवासी डॉक्टरांचे स्वास्थ्य : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

शल्यशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण हे अन्य विषयांच्या पदव्युत्तर शिक्षणाहून एका मूलभूत बाबतीत भिन्न आहे. इतिहासाचा अथवा रसायनशास्त्राचा विद्यार्थी केवळ विद्यार्थी असतो. एम. एस.चा विद्यार्थी मात्र एकाच वेळी विद्यार्थी आणि रुग्णालयाचा सेवक असतो. तो ज्या वॉर्डात शिकतो, तो वॉर्ड त्याच्याच श्रमावर चालतो. या दुहेरी नात्यातूनच त्याच्या व्यावसायिक ध्येयाचा आणि स्वास्थ्याचा प्रश्न उद्भवतो. या दोन प्रश्नांचा विचार सामान्यतः स्वतंत्रपणे केला जातो : ध्येयाचा विचार परीक्षा व प्रवेश यांच्या अंगाने आणि स्वास्थ्याचा विचार कामाच्या तासांच्या अंगाने. वस्तुतः हे दोन्ही एकाच प्रश्नाचे भाग आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निवासी पद्धतीचा उगम अमेरिकेत झाला. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८९ नंतर ही पद्धती रूढ केली. शिकाऊ शल्यचिकित्सकाने रुग्णालयातच वास्तव्य करावे आणि क्रमाक्रमाने अधिकाधिक जबाबदारी स्वीकारावी, हे तिचे सूत्र होते. भारतात १९९२ मध्ये केंद्र शासनाने निवासी डॉक्टरांसंबंधी निर्देश काढले. सलग काम सामान्यतः बारा तासांहून अधिक नसावे आणि आठवड्याचे काम साधारणतः ४८ तासांचे असावे, असे त्यांत नमूद होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत तासांचा निश्चित आकडा नाही. तीत ‘वाजवी’ कामाचे तास आणि ‘वाजवी’ विश्रांती असे शब्द आहेत. आयोगाच्याच कृतिदलाने २०२४ च्या आपल्या अहवालात आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचविली. १९९२ चे ४८ तास आणि २०२४ चे ७४ तास यांमधील अंतर पाहिले, म्हणजे कागदावरील नियमाला प्रत्यक्षाच्या दिशेने किती सरकावे लागले हे ध्यानात येते. या कृतिदलाच्या ऑनलाइन पाहणीत पाच हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. त्यांपैकी सुमारे ४५ टक्के विद्यार्थी आठवड्याला ६० तासांहून अधिक काम करीत होते, आणि ३१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. उत्तरे देणारे स्वेच्छेने पुढे आलेले असल्यामुळे हे प्रमाण सर्व विद्यार्थ्यांना जसेच्या तसे लागू करता येणार नाही. तथापि प्रश्नाच्या गांभीर्याविषयी शंका उरत नाही.

केवळ थकवा म्हणजे अस्वास्थ्य नव्हे. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये व्यवसायजन्य क्लांतीची जी मोजपट्टी प्रसिद्ध केली, तीत तीन अंगे वेगळी केली आहेत. पहिले अंग भावनिक थकव्याचे. दुसरे, ज्यांची सेवा करावयाची त्यांच्याविषयी येणाऱ्या कोरडेपणाचे. आणि तिसरे, आपल्या हातून काही साध्य होत नाही या जाणिवेचे. ही तीन अंगे परस्परसंबद्ध असली तरी त्यांची कारणे एकच नाहीत. पहिल्याचा संबंध मुख्यतः तासांशी व झोपेशी, दुसऱ्याचा रुग्णसंख्येशी व वागणुकीशी, आणि तिसऱ्याचा शिक्षणाशी, पर्यायाने ध्येयाशी पोचतो. तास कमी केल्याने पहिले अंग सुधारेल. तिसरे सुधारेलच असे नाही.

या विश्लेषणाच्या दृष्टीने ठाणे परिसर उद्बोधक आहे. कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला जोडलेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ही ठाणे महानगरपालिकेची संस्था १९९२ पासून कार्यरत आहे. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची रुग्णालये आहेत. परंतु तेथील गंभीर रुग्ण कळव्याकडे वा मुंबईकडे पाठविले जाणे ही नेहमीची गोष्ट होय. भिवंडी व उल्हासनगरचे कामगार आणि शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आदिवासी यांचाही ओघ याच दिशेने वाहतो. त्यात उपनगरी लोहमार्गावरील अपघातांची भर पडते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या गाड्यांतून प्रवासी पडून झालेली दुर्घटना त्यांपैकीच एक होय. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ व मे २०२४ मध्ये झालेले स्फोटही सर्वांच्या स्मरणात आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले आणि हा भार किती आहे याची चर्चा राज्यभर झाली.

शिकाऊ शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने अशा भाराचे दोन अर्थ होतात. एकीकडे ही शिक्षणाची पर्वणीच असते : फुटलेले आंत्रपुच्छ, अडकलेला हर्निया, मधुमेहाने सडलेला पाय, पोटावर मार बसलेला अपघातग्रस्त, असे रुग्ण त्याला पुस्तकात नव्हे तर समोर भेटतात. दुसरीकडे हाच भार शिक्षण गिळून टाकतो. पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टराचा दिवस रक्ताचे नमुने पोचविणे, अहवाल आणणे, रक्तपेढीत खेटे घालणे, अर्ज भरणे आणि नातेवाइकांची समजूत घालणे यांतच सरण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियागृहात तो पोचला तरी जखमेच्या कडा ओढून धरण्यापलीकडे त्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही. आणि वरिष्ठांपुढे रुग्णांची रांग असताना त्याच्या हाती सुरी देऊन शेजारी उभे राहण्यास लागणारा वेळ कोणाजवळच नसतो. बारा तास काम करून एक शस्त्रक्रिया शिकलेला विद्यार्थी थकतो. बारा तास काम करून काहीच न शिकलेला विद्यार्थी खचतो. थकणे आणि खचणे यांतील हा भेद प्रस्तुत विषयाचा गाभा होय.

ध्येयाच्या स्वरूपातही या काळात पालट झाला आहे. कल्याण-डोंबिवलीची वैद्यकीय परंपरा छोट्या नर्सिंग होमची आहे. शल्यविशारद पती आणि स्त्रीरोगतज्ज्ञ पत्नी यांनी मिळून दहा-पंधरा खाटा चालवाव्यात, हे चित्र तेथील मध्यमवर्गाला परिचित आहे. जनरल सर्जन होणे हे तेव्हा स्वयंपूर्ण ध्येय होते. डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली, आणि पुढील काळात यंत्रसामग्रीचा खर्च व रुग्णांच्या अपेक्षा दोन्ही वाढत गेल्या. ठाण्यात व कल्याणात मोठी खाजगी रुग्णालये उभी राहिली. परिणामी तीन वर्षांची एम. एस. ही अनेकांना अंतिम पायरी न वाटता एम. सी. एच. च्या तीन वर्षांची पूर्वतयारी वाटू लागली. त्यासाठी २०१७ पासून राष्ट्रीय पातळीवरील स्वतंत्र प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. शासकीय व महापालिका महाविद्यालयांतून शिकलेल्यांना राज्यात बंधपत्रित सेवाही करावी लागते. ध्येय असे पुढे पुढे सरकत गेले, म्हणजे आजच्या श्रमाचे मोल नेहमी उद्यावर टाकले जाते, आणि वॉर्डातील रात्र ही शिक्षणाची नव्हे, तर अभ्यासातून वजा झालेली रात्र ठरते.

परदेशातील अनुभवही याच निष्कर्षाकडे नेतो. अमेरिकेत २००३ पासून आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे. या मर्यादेत राहून पाळ्यांचे नियम शिथिल केल्यास काय घडते, याची तपासणी ११७ शल्यशिक्षणक्रमांत करण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुग्णांच्या हिताला बाध आल्याचे दिसले नाही, आणि निवासी डॉक्टरांच्या एकंदर स्वास्थ्यविषयक समाधानातही लक्षणीय फरक आढळला नाही. याउलट २०१९ मध्ये सात हजारांहून अधिक शल्य-निवासी डॉक्टरांच्या पाहणीत भेदभाव, अपमान व छळ यांचा क्लांतीशी निकट संबंध दिसून आला. स्त्री-डॉक्टरांमधील अधिक क्लांतीचा उलगडा प्रामुख्याने त्यांना मिळणाऱ्या वागणुकीवरून होतो, असेही त्यात आढळले. विश्रांतीची किमान मर्यादा गौण आहे, असा याचा अर्थ नव्हे. ती आवश्यक आहे, पुरेशी नाही.

म्हणून उपायही तीन अंगांनी योजावे लागतात. साप्ताहिक सुटी व झोप यांचे रक्षण हा पहिला. वरिष्ठांच्या वागणुकीची तक्रार निर्भयपणे करता येईल अशी विभागाबाहेरील व्यवस्था हा दुसरा. तिसरा उपाय सर्वांत कमी चर्चिला जातो : लेखनिक, परिचर व तंत्रज्ञ यांची पदे भरून त्यांचे काम निवासी डॉक्टराच्या खांद्यावरून उतरविणे, आणि कोणत्या वर्षी त्याने कोणत्या शस्त्रक्रिया देखरेखीखाली स्वतः कराव्यात हे ठरवून त्याची नोंदवही दर तिमाहीस तपासणे. अंबरनाथ येथे २०२४ मध्ये नवे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. कल्याण-डोंबिवलीच्या अगदी निकट असलेल्या या संस्थेत पुढेमागे पदव्युत्तर वर्ग निघतील, तेव्हा जागांच्या संख्येइतकाच हा विचारही प्रथमपासून व्हावयास हवा. आज जो पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर रक्तपेढीच्या रांगेत उभा आहे, तोच दहा वर्षांनी या परिसरातील एखाद्या अपघातग्रस्ताच्या पोटावर एकट्याने शस्त्रक्रिया करणार आहे. तो त्या वेळी काय जाणत असेल आणि कोणत्या मनःस्थितीत असेल, हे आजच ठरत आहे.