चरित्रातून नागरिकधर्माकडे



थोरांची चरित्रे वाचून मुले सद्गुणी होतात, ही आपली जुनी श्रद्धा आहे. आयुष्य अध्यापनात घालविल्यावर मला तीत एक पुस्ती जोडावीशी वाटते. अमुक सत्यनिष्ठ, तमुक त्यागी, अशी विशेषणे पाठ करून ते गुण अंगी बाणत नाहीत. त्या पुरुषापुढे कोणता पेच होता, कोणते मार्ग मोकळे होते आणि निवडलेल्या मार्गाचे मोल त्याने काय दिले, हे विद्यार्थ्यास दिसले पाहिजे.

उदाहरणांसाठी दुबलगुंडीहून फार दूर जाण्याचे कारण नाही. बीदरचा मदरसा १४७२ मध्ये उभारणारा बहमनी वजीर महमूद गावान घ्या. त्याने राज्याच्या चार प्रांतांचे आठ केले आणि प्रांताधिकाऱ्यांच्या हाती एकेकच किल्ला ठेवला. दुखावलेल्या सरदारांनी त्याच्या शिक्क्याचे बनावट पत्र रचले. सुलतानाने शहानिशा न करता १४८१ मध्ये त्याचा वध करविला. वर्गात येथे थांबून विचारावे : दोष केवळ कारस्थान्यांचा, की न तपासता निवाडा देणाऱ्याचाही? खोटा मजकूर आज क्षणात गावभर होतो. त्यामुळे हा प्रश्न मुलांना परका वाटणार नाही.

दुसरे नाव मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे. दुष्काळात त्यांनी बीदरच्या बादशहाचे धान्यकोठार रयतेला खुले केले, असे परंपरा सांगते. विठ्ठलाने महाराच्या रूपात बीदरला येऊन त्या धान्याची रक्कम भरली, हा कथेचा भाग श्रद्धेचा आहे. तो तसाच सांगावा, इतिहास म्हणून नव्हे. विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. कोठार पंतांच्या मालकीचे नव्हते. मग आज्ञेवाचून ते उघडणे न्याय्य कसे? नियम मोडणारा स्वतःच्या लाभासाठी मोडतो की परक्याच्या प्राणासाठी, आणि परिणाम स्वतः सोसतो की दुसऱ्यावर ढकलतो, या दोन कसोट्या मुले आपण होऊन शोधतात.

तिसरे स्वामी रामानंद तीर्थ. विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे १९०३ मध्ये जन्मलेला हा संन्यासी मुळात शिक्षक होता. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी अध्यापन केले. १९३८ च्या सत्याग्रहात त्यांनी कारावास पत्करला आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. लोकसभेत ते १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून, तर १९५७ मध्ये औरंगाबादहून निवडून गेले. कन्नड आणि मराठी दोन्ही मुलुखांनी त्यांना आपले मानले. सीमेवरच्या मुलांना याहून बोलका धडा कोणता द्यावा?

शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. चरित्रनायकांना देव्हाऱ्यात बसवू नका, कारण तेथे प्रश्न विचारता येत नाहीत. त्यांच्या उणिवाही सांगा. मग ग्रामसभेत, पाणवठ्यावर, रेशनच्या रांगेत असाच पेच पडला तर तू काय करशील, हे विद्यार्थ्यास विचारा. उत्तराची घाई करू नका. तो दोन दिवस विचारात पडला, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.