इंडोनेशियाचं प्लायवुड, मलेशियाचं एमडीएफ : लाकूड येतं कुठून?



व्हिडिओत एक मुद्दा घाईघाईत उरकला गेला, तो इथे नीट लिहितो. प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्डच्या निर्यातीचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, रेट काय मिळेल?" मी उलट विचारतो, तुमचं लाकूड येतं कुठून आणि दहा वर्षांनी येणार आहे का? असं का विचारतो, ते या दोन शेजाऱ्यांकडे बघून लक्षात येईल.

इंडोनेशिया आधी ओंडकेच विकायचा. त्याचं प्लायवुड करून कमवायचे जपान, कोरिया आणि तैवानचे कारखाने. 1985 मध्ये सरकारने ओंडक्यांची निर्यात पूर्ण बंद केली. भराभर कारखाने उभे राहिले आणि थोड्याच वर्षांत हा देश उष्ण प्रदेशातल्या लाकडाच्या प्लायवुडचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार झाला. व्हॅल्यू अ‍ॅडिशन म्हणतात ते हेच! पण पुढचं ऐका. कोणी किती माल कुठे पाठवायचा, कोणत्या भावाने, हे अपकिंडो ही उत्पादकांची संघटना ठरवायची. तिचे सर्वेसर्वा बॉब हसन, राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंचे खास दोस्त. 1998 मध्ये नाणेनिधीच्या अटींमुळे ही मक्तेदारी मोडली. खरं दुखणं मात्र वेगळंच होतं. बंदीमुळे ओंडके देशातच अडकले, म्हणून स्वस्त झाले. स्वस्त मिळालेला माल कोण जपून वापरतो? कारखान्यांची भूक जंगलाच्या वाढीपेक्षा मोठी झाली आणि चोरटी तोड बोकाळली.

मलेशियातही सारावाकचं प्लायवुड जंगलावरच चाललं. ते जपानमध्ये शटरिंग प्लाय म्हणून काँक्रीटच्या कामाला जायचं. पण मला शिकण्यासारखी वाटते ती द्वीपकल्पातली गोष्ट. तिथे रबराचे मळे. झाड पंचवीस-तीस वर्षांचं झालं की चीक कमी होतो, मग तोडून नवीन लावायचं. एकेकाळी हे लाकूड जळणात जायचं, कारण तोडल्यावर लगेच प्रक्रिया केली नाही तर त्याला बुरशी आणि किडा लागतो. प्रक्रियेचं तंत्र बसलं आणि त्याच लाकडाचं फर्निचर झालं. फांद्या आणि तुकडे राहिले, त्यांचा चुरा करून एमडीएफ. जळणाचा झाला निर्यातीचा माल!

मग मलेशिया जिंकला? इतकं सोपं नाही. चिकाला चांगला भाव आला की मळेवाला झाड तोडायचं पुढे ढकलतो आणि बोर्डवाला चिप्ससाठी ताटकळतो. शिवाय बरेच मळे पाम तेलाकडे वळले. तुमचा कच्चा माल दुसऱ्याच्या धंद्याचं उरलंसुरलं असेल, तर त्या धंद्याचा भावही रोज बघावा लागतो.

आणि इंडोनेशियाने डाव पुन्हा मांडला. जावामधले छोटे शेतकरी सेंगॉन लावतात. हे झाड पाच-सात वर्षांत तोडणीला येतं आणि प्लायच्या आतल्या थरांना चालतं. सोबत लाकूड कायदेशीर असल्याची तपासणी यंत्रणा उभी केली. 2016 मध्ये युरोपीय संघाचा तसा परवाना देणारा इंडोनेशिया जगातला पहिला देश ठरला. चोरट्या लाकडासाठी बदनाम झालेला देश, कागदपत्रांत मात्र पुढे गेला. मला ही कमाल वाटते.

आपल्याकडे यमुनानगरचं प्लायवुडही शेतातल्या पॉपलर-निलगिरीवर चालतं. भाव पडला की शेतकरी लागवड थांबवतो आणि काही वर्षांनी कारखानदार लाकूड शोधत फिरतो.

आता गृहपाठ. तुमचा एचएस कोड काढा : प्लायवुड 4412, एमडीएफ 4411, पार्टिकल बोर्ड 4410. मग तुमच्या सप्लायरला फोन लावा आणि विचारा, हे लाकूड कोणाच्या शेतातलं, झाड किती वर्षांचं, तोडणीचा आणि वाहतुकीचा कागद आहे का. तो "बघून सांगतो" म्हणाला, तर परदेशी खरेदीदाराला कोटेशन पाठवायचं थांबवा.