कॅमेऱ्यासोबतची १८-५५ आहे, आता दुसरी लेन्स कोणती घेऊ?



तुळशीचं लग्न झालं की आमच्या म्हसवडच्या दुकानात एक प्रश्न ठरलेला असतो. एखादा पोरगा येतो, गळ्यात नवा कॅमेरा, आणि म्हणतो, "सर, सत्तर-दोनशे बघायचीय. हप्त्यावर मिळंल का?"

त्याचा कॅमेरा म्हणजे बहुतेक वेळा कॅननचा १५००डी किंवा २००डी, नाहीतर निकॉनचा डी३५००, डी५६००. बऱ्याचदा सेकंडहँड, सोबत आलेली १८-५५ लेन्स. आणि सत्तर-दोनशे म्हणजे ती जाडजूड ७०-२०० एफ २.८, जी मोठ्या लग्नात मोठ्या फोटोग्राफरच्या हातात दिसते. नवीन घ्यायची तर लाखाच्या पुढेमागे. मी दुकानदार आहे, विकायला मलाही आवडतं. तरी मी त्याला आधी बसवतो, चहा सांगतो आणि विचारतो, "मागच्या तीन ऑर्डरचे फोटो दाखव." कारण हाच घोटाळा मी स्वतः करून बसलोय.

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नवीन धंदा, अंगात जोर. पहिली जास्तीची लेन्स घेतली ती ७५-३००, तीपण स्टॅबिलायझर नसलेली. का घेतली? तर लांबचं जवळ दिसतं म्हणून! पहिलीच ऑर्डर हळदीची होती, रात्री नऊला, अंगणात एक हॅलोजन आणि एलईडीच्या माळा. मी लांब उभा राहून झूम करून फोटो काढत बसलो. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळे बरे दिसले. घरी येऊन कॉम्प्युटरवर टाकले तर निम्म्याहून जास्त हललेले. त्यात नवरीची आजी तिच्या गालाला हळद लावते तो फोटोही होता. त्या लोकांनी उरलेले पैसे कापले, ते मी विसरलो. पण वर्षभराने त्याच घरातून फोन आला, आजी गेल्या होत्या, तो फोटो मोठा करून हवा होता. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

झालं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे लेन्सवरचे आकडे आपोआप कळतील.

लेन्सवर दोन आकडे महत्त्वाचे. पहिला एमएमचा, म्हणजे किती लांबचं आणि किती रुंद दिसणार. दुसरा एफचा, म्हणजे उजेड आत यायला भोक किती मोठं. हा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. तुमची १८-५५ पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर जाते. माझी ७५-३०० सुद्धा तिथेच जात होती. वर ३०० वर हातात धरून फोटो काढायचा, तर या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर शटर साधारण १/५०० लागतं, नाहीतर हात हललेला दिसतो. मला त्या उजेडात मिळत होतं १/१५. मग काय होणार?

तेच एफ १.८ ची लेन्स असती तर एफ ५.६ च्या जवळपास साडेनऊ पट उजेड आत आला असता. म्हणजे १/१५ च्या जागी १/१२५ मिळालं असतं. किंवा शटर तेच ठेवलं तर आयएसओ ६४०० ऐवजी ८०० च्या आत भागलं असतं. फोटो दाणेदार होणार की साफ येणार, हे इथे ठरतं.

आता तुमच्या फोटोंकडे येऊ. कोणती लेन्स घ्यायची हे मला विचारू नका, तुमच्या कार्डाला विचारा. कॉम्प्युटरवर फोटोवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, त्यात डिटेल्स. तिथे फोकल लेंथ, एफ-स्टॉप, शटरचा वेळ, आयएसओ सगळं लिहिलेलं असतं. तीन ऑर्डरमधले जे फोटो गिऱ्हाईकाला द्यायची लाज वाटली, तेवढेच उघडा आणि वहीत टिपा. आयएसओ ३२००, ६४०० आणि शटर १/३० दिसतंय? मग तुम्हाला उजेड कमी पडतोय, झूम नाही. सगळे फोटो ५५ वर अडकलेत, उजेड भरपूर आहे, तरी माणूस लहान दिसतोय? मग लांबची लेन्स लागेल. सगळे १८ वर अडकलेत आणि पाठ भिंतीला टेकलीय? मग रुंद लेन्स. आपल्या भागात लग्न, हळद, बारसं, जागरण-गोंधळ करणाऱ्यांच्या वहीत बहुतेक वेळा पहिलाच आजार निघतो.

त्याला स्वस्तातलं औषध म्हणजे ५० एमएम एफ १.८. कॅननची एसटीएम वाली २०१५ साली आली, आजही नवीन साधारण दहा हजारांच्या आतबाहेर मिळते, जुनी त्याहून कमी. झूम होत नाही. पुढे-मागे आपणच चालायचं. पहिले दोन दिवस चिडचिड होते, मग सवय होते.

पण इथे एक धोका आहे आणि तो यूट्यूबवर कमी लोक सांगतात. आपल्या या कॅमेऱ्यांचा सेन्सर छोटा असतो, त्यामुळे ५० एमएम वाटते त्यापेक्षा जवळची दिसते. माझं एक गावठी गणित आहे, ते लिहून ठेवा. कॅननच्या या बॉडीवर ५० लावली, तर जेवढी रुंदी फोटोत हवी, त्याच्या सव्वादोन पट मागं जावं लागतं. ३५ असेल तर दीडपटीपेक्षा थोडं जास्त. २४ असेल तर जवळपास तेवढंच. आणि १८ ला रुंदीपेक्षाही कमी अंतर पुरतं.

आता स्टेजवर आठ माणसं खांद्याला खांदा लावून उभी केली तर बारा फूट होतात. ५० ने तो फोटो काढायला तुम्हाला सत्तावीस फूट मागे जायला पाहिजे. कार्यालयात सत्तावीस फूट मागे काय असतं? खुर्च्या, मामा, व्हिडिओवाला आणि त्याचा स्टँड. म्हणजे ग्रुप फोटोला ५० चालणार नाही, तिथे १८-५५ च लावायची आणि फ्लॅश मारायचा. तसंही एफ १.८ वर ग्रुप काढू नका. सहा फुटांवरून काढलात तर जेमतेम साडेतीन-चार इंचांची जागा धारदार येते. नवरी साफ आणि मागची करवली पुसट, मग करवलीची आई तुम्हाला शोधत येते. दोन माणसं असतील तर एफ २.८, त्याहून जास्त असतील तर ४ च्या पुढं.

नवरा-नवरीचा कमरेपासूनचा फोटो मात्र चार फूट रुंदीत बसतो, नऊ फुटांवरून. हळदीचं अंगण, मेकअपची खोली, मुंडावळ्या बांधताना, आईचे डोळे भरून येतात तेव्हा. अशा जागी ही लेन्स पैसे फेडते. जवळच्या गावातली एक ताई आमच्या बॅचला होती, तिचं पार्लर आहे. तिला लग्नाची ऑर्डर करायचीच नव्हती, फक्त आपण केलेल्या नवरीच्या मेकअपचे फोटो चांगले हवे होते. तिला मी बॉडीसुद्धा सेकंडहँड घ्यायला लावली आणि सोबत एवढी एकच ५०. खिडकीजवळ खुर्ची ठेवते आणि काढते. तिला दुसरी लेन्स कधी लागेल असं मला वाटत नाही.

घरं लहान आणि कामं आतली जास्त असतील, म्हणजे बारसं, डोहाळजेवण, तर कॅननवाल्यांनी २४ एमएम एफ २.८ बघावी. निकॉनवाल्यांनी ३५ एमएम एफ १.८ जी. माझ्या मते निकॉनच्या छोट्या बॉडीवर ५० पेक्षा ३५ च पहिली घ्यावी.

निकॉनवाल्यांसाठी अजून एक, कारण यात लोक फसतात. डी३००० आणि डी५००० च्या मालिकेतल्या कॅमेऱ्यांमध्ये फोकसची मोटर आत नसते. त्यामुळे ५० एमएमची जुनी 'डी' लेन्स स्वस्त दिसते, बसते पण, मात्र ऑटोफोकस होत नाही. नावात एएफ-एस आहे का बघा. आणि नवीन एएफ-पी लेन्स डी३१००, डी३२००, डी५१०० सारख्या जुन्या बॉडीवर चालतच नाहीत. म्हणून दुकानात जाताना कॅमेरा घेऊन जा. मोबाईलवर फोटो दाखवून लेन्स आणू नका.

लांबच्या लेन्सला मी नावं ठेवतोय असं नाही. ती दिवसाची लेन्स आहे, एवढंच. म्हसवडी खिलार बैल लांबून नुसत्या डौलावरून ओळखणारी माणसं आपल्या भागात आहेत, आणि मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतीचा कायदा मान्य केल्यापासून या फोटोंना चांगलं गिऱ्हाईक आहे. बैलाचा मालक फ्रेम करून घेतो, बॅनरला घेतो. तिथे ऊन असतं, एफ ५.६ असली तरी आयएसओ २०० वर १/१००० शटर सहज मिळतं. त्याला कॅननची ५५-२५० पुरते, निकॉनची ७०-३०० पुरते. फक्त नावात कॅननला आयएस आणि निकॉनला व्हीआर आहे का ते वाचा. निकॉनची ७०-३०० व्हीआर असलेली आणि नसलेली, दोन्ही मिळतात. गजी नृत्य, शाळेची स्पर्धा, राजेवाडी तलावावरचं प्री-वेडिंग, सगळं यात होतं. त्याला लाखाची ७०-२०० लागत नाही.

रुंद लेन्सबद्दल थोडक्यात. कॅननची १०-१८ चांगली आहे, पण दुकानांचे आतले फोटो, प्लॉट, फ्लॅट, हॉटेल असं काम मिळत असेल तरच. कडेला उभी असलेली माणसं तिच्यात ताणलेली दिसतात. लग्नात काकू रागावतात.

आणि लेन्स वाढल्या की एक नवीन आजार येतो, बदलण्याचा. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथावर गुलाल-खोबरं उधळलं जातं तेव्हा जे गर्दीत उभे राहून लेन्स बदलतात, त्यांना मी हात जोडतो. गुलाल पिठाहून बारीक. एकदा सेन्सरवर बसला की पुढच्या प्रत्येक फोटोत आभाळात ठिपके. रथाला एकच लेन्स लावून जायचं, १८-५५ असली तरी चालेल, पुढे साधा यूव्ही फिल्टर आणि कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी. घरी आल्यावर आधी ब्लोअरने उडवायचा, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. रुमालाने पुसलं की कोटिंगवर ओरखडे आलेच म्हणून समजा.

आता पैशाचं. समजा तुमची ऑर्डर पंधरा हजारांची आहे आणि अल्बम, एडिटिंग, पोरं, पेट्रोल जाऊन पाच हजार उरतात. दहा हजारांची ५० दोन ऑर्डरमध्ये फिटते. लाखाच्या लेन्सला वीस ऑर्डर लागतात, त्याही सगळं त्यातच घातलं तर, घरखर्चाला शून्य. वर व्याज. आणि हप्ता बाराही महिने येतो, पण लग्नं बारा महिने होत नाहीत. आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत चार महिने हातावर हात. याला कॅश फ्लो म्हणतात हे मी बीबीएला शिकलो होतो, पेपरात मार्कही पडले होते, आणि तरीही ती ७५-३०० हप्त्यावरच घेतली होती. ज्या गावात १९९७ पासून माणदेशी महिला बँक आहे, तिथल्या भाजीवाल्या मावशींना हे पुस्तकाशिवाय कळतं.

कर्ज काढायचंच असेल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं. तेवढ्यात ५० एमएम, एक फ्लॅश, दोन बॅटऱ्या, दोन कार्ड येतात आणि शिल्लकही राहते. ७०-२०० एखाद्या मोठ्या लग्नाला हवीच असेल तर साताऱ्यातून किंवा पुण्यातून त्या दोन दिवसांपुरती भाड्याने आणा, आणि भाडं कोटेशनमध्ये धरा. एका सीझनमध्ये तिचं भाडं वारंवार द्यायला लागलं तर मग विकत घ्यायचं बघू.

काहीजण विचारतात, आता सगळे मिररलेसवर चाललेत, मग डीएसएलआरच्या लेन्सवर पैसे का घालायचे? प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच महागाची नको. पण कॅननची ५० एमएम अडॅप्टर लावून त्यांच्या आर मालिकेवर व्यवस्थित चालते, निकॉनच्या एएफ-एस लेन्स एफटीझेड अडॅप्टरवर चालतात. बॉडी बदलली तरी लेन्स वाया जात नाही. उलट लोक मिररलेसवर गेल्यामुळे जुन्या लेन्स बाजारात भरपूर आल्यात, त्याचा फायदा घ्या.

जुनी घेताना मोबाईलची टॉर्च लेन्सच्या मागून मारा आणि पुढून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, सोडून द्या. आपला माणदेश कोरडा, इथल्या लेन्सला हा त्रास कमी, पण मुंबई-कोकणातून आलेली असेल तर जास्त वेळ बघा. झूमची रिंग अडकते का, माउंटचे पितळी टोक घासलेत का, आणि आपल्या बॉडीवर लावून सगळ्यात मोठ्या भोकावर वीस-पंचवीस फोटो काढा, जवळचे आणि लांबचे. ते फोटो दुकानाच्या स्क्रीनवर मोठे करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्या दुकानात आलात तरी हेच करा, मला राग येत नाही.

पुढच्या व्हिडिओत फ्लॅश घेऊ. वहीतले तुमचे आकडे तयार ठेवा, ते तिथेही लागणार आहेत.